घरी रेकॉर्ड केलेले अभंग विकून मदतनिधी उभारायचा आहे: रेकॉर्डिंग, हक्क आणि हिशेब कसे सांभाळावेत?

टाळकरीण
आमचं महिला भजनी मंडळ आहे, ११ जणी. पेटी, पखवाज आणि टाळांचे सहा जोड. १२ अभंग घरीच रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर विकायचे आणि उरलेली सगळी रक्कम एका नोंदणीकृत न्यासाच्या डायलिसिस मदतनिधीला द्यायची, असं ठरतंय. मंडळाची स्वतःची नोंदणी नाही. स्टुडिओ परवडणारा नाही. मोबाईलवर करून पाहिलं, तर टाळ वाजला की गाणारीचा आवाज आत ओढल्यासारखा होतो. शिवाय चालींच्या हक्कांचं आणि पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे याचं काय? जाणकारांनी सांगावं.

खर्जातला सा
आवाज आत ओढला जातो तो मोबाईलच्या आपोआप आवाज जुळवण्यामुळे. टाळेचा ठोका आला की फोन सगळीच पातळी खाली दाबतो आणि मग हळूहळू वर आणतो. हे नंतर दुरुस्त होत नाही. ज्यात गेन (आवाज किती जोरात घ्यायचा ती पातळी) हातानं लावता येतो असा छोटा स्टिरिओ रेकॉर्डर दोन दिवस भाड्यानं किंवा उसना मिळवा. त्यात दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल असा लावा. पातळी लावताना गाणारीकडे बघू नका, टाळेकडे बघा. सर्वांत जोराचा ठोका मीटरवर −६ डेसिबलच्या वर जाता कामा नये (० ला आवाज फुटतो). गाणं तेव्हा −२० च्या आसपास दिसेल आणि सगळ्या जणी म्हणतील "आवाज बारीक येतोय, वाढवा". वाढवू नका. बारीक आलेलं नंतर मोठं करता येतं, फुटलेली टाळ कायमची फुटते.

सहा जोड मात्र नकोत. देवळाच्या सभामंडपात सहा शोभतात, १२ बाय १५ च्या खोलीत दोन जोडही पुष्कळ होतात. त्या दोघींना रेकॉर्डरपासून ९-१० फूट लांब, बाकीच्यांच्या मागे बसवा. मुख्य गाणारी दीड-दोन फुटांवर, पण तोंड माईकच्या किंचित बाजूला, नाहीतर 'प' आणि 'भ' ला फुसकारे येतात. मागं म्हणणाऱ्या अर्धवर्तुळात पाच फुटांवर, पखवाज सहा फुटांवर. पेटी थोडी तिरकी ठेवा, म्हणजे भात्याची करकर थेट माईकवर जाणार नाही. फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा खाली सतरंजी आणि लागून असलेल्या दोन भिंतींवर जाड गोधड्या. पंखा आणि फ्रीज बंद. फ्रीज परत चालू करायला विसरतात, म्हणून स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची जुनी युक्ती आहे.

आता सुरांचं. जुनी पेटी बहुधा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसते, १०-२० सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) इकडेतिकडे असते. तानपुऱ्याचं ॲप तुम्ही 'काळी एक' वर लावलंत आणि पेटी १५ सेंट चढी असली, तर दोन्हींत सतत लाटा उठतात आणि गाणारी मधल्या मध्ये लटकते. ट्यूनरवर पेटीचा सा आधी मोजा, मग ॲप तेवढं सरकवा. पेटी ॲपकडे येणार नाही, ॲपच पेटीकडे न्यायचं. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीक सुकत गेली की हलकी होते आणि घुमारा वर चढतो. दर दोन अभंगांनंतर बोट ओलं करून फिरवा, तडा गेला असेल तर सरळ नवी लावा.

प्रत्येक अभंग सहा मिनिटांच्या आत आणा. सुरुवातीला दहा सेकंद रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा, पुढे खरखर काढायला तीच लागते.

कलम_नावाचा
हक्कांचा निकाल रेकॉर्डिंगच्या आधी लावा, नंतर नाही. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम यांचे शब्द मोकळे आहेत. परंपरेनं वारीत, देवळात म्हटल्या जाणाऱ्या चालीही. पण रेडिओवर, कॅसेटवर गाजलेली चाल विसाव्या शतकातल्या कुणा संगीतकाराची असते आणि ती त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्काखाली राहते (मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून). म्हणजे शब्द सतराव्या शतकातले, चाल मात्र अडकलेली, हे अभंगांत नेहमीचं. भावगीतांतही तसंच. भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यांच्या कविता मोकळ्या, पण लोकांच्या ओठांवरच्या चाली नंतरच्या संगीतकारांच्या. याउलट गायक-संगीतकार भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांच्या चाली घ्यायला हरकत नाही. तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं, त्यामुळे त्यांची भजनं २०२८ अखेरपर्यंत हक्काखाली धरून चाला आणि परवानगी मागा.

'पाच वर्षं झाली की कव्हर करता येतं', म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण गाऊन विकता येतं, असं कुणी सांगेल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी मध्ये तशी तरतूद आहे खरी, पण त्यात दर गाण्याला वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरतात. तुम्ही २०० पेनड्राइव्ह विकणार. तो रस्ता तुमचा नाही. धर्मादाय कामासाठी विकतोय म्हणून सूट मिळेल, हाही गैरसमज.

कॅराओके ट्रॅक वापरणार असाल तर ते रेकॉर्डिंगही कुणाच्या तरी मालकीचंच असतं. तानपुरा-तबल्याच्या ॲपच्या अटींत व्यावसायिक वापराला मुभा आहे का तेही बघा. तेच लूप इतरांच्या अल्बममध्ये असले की यूट्यूबवर उगाच दावा येऊन पडतो.

हिशेबनीस
पैशांचं थोडक्यात पण ठामपणे: कुठल्याही एकीच्या बचत खात्याचा क्यूआर कोड छापू नका. शे-दोनशे लोकांचे पैसे तिथं जमले की ते तिचं उत्पन्न नाही हे तिलाच दाखवत बसावं लागतं. न्यासाचं पत्र घ्या, क्यूआर न्यासाच्या खात्याचा छापा आणि विक्री न्यासाच्या नावानं होऊ द्या. न्यासाला या विक्रीचे वेगळे हिशेब ठेवावे लागतील, त्यांच्या सीएंना आधी विचारून घ्या. मंडळानंच पैसे गोळा करायचे असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाला कळवणं आलं. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच परवानगी.

पाकिटावर '८०जी सवलत' (देणगीवरची आयकर सवलत) छापायचा मोह होतो. छापू नका. पेनड्राइव्हची किंमत म्हणजे देणगी नव्हे, मोबदल्यात वस्तू दिली आहे. कुणाला वर १,००० द्यायचे असतील तर त्याची देणगी पावती न्यासानं वेगळी फाडावी. रोख २,००० च्या वरच्या देणगीला सवलत मिळत नाही, हेही सांगून ठेवा.

आणि पेनड्राइव्हचं गणित करून पाहिलंत का? समजा पेनड्राइव्ह १८० ला पडला, पाकीट-छपाई २५, कुरिअर ५५. झाले २६०. ३५० ला विकलात तर निधीला ९० रुपये, २०० नगांचे १८,०००. तेच अभंग २०० रुपयांत डाउनलोड लिंकनं दिले तर २०० जणांचे जवळजवळ ४०,०००. निम्म्याहून जास्त पैसा प्लास्टिकवर जातोय.

टाळकरीण
सर्वांचे आभार. दोन जोडांवर मंडळात भांडण होणार, ते मी बघते. पण आमच्या गिऱ्हाईकांत साठीच्या पुढच्या बायका जास्त. त्यांना लिंक नको, हातात काहीतरी हवं. आणि काही जणींच्या मुली अमेरिकेत आहेत, तिकडूनही मागणी आहे.

जुना_डेक
मग दोन्ही ठेवा, पण पेनड्राइव्ह आगाऊ नोंदणीनंच. पैसे आले तेवढेच नग, वर पाच टक्के. उरलेला गठ्ठा कपाटात राहतो आणि तो निधीतून वजा होतो. सीडी नको, नव्या गाड्यांत आणि लॅपटॉपमध्ये ती घालायला फटच नसते.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्येच फॉरमॅट करा. गाडीतले आणि देवघरातले स्वस्त प्लेअर बाकीचे फॉरमॅट बऱ्याचदा वाचत नाहीत. ७२ मिनिटांची ३२० केबीपीएस एमपी३ साधारण १७५ एमबी होते, म्हणजे सर्वांत लहान पेनड्राइव्हही पुरतो. एमपी३ करण्याआधी सर्वांत वरची पातळी −१ डेसिबलवर थांबवा, रूपांतरात ती थोडी वर सरकते. फाईलचं नाव रोमन लिपीत आणि सुरुवातीला ०१, ०२ असे दोन अंकी आकडे (तेही इंग्रजी). नुसता १ लिहिलात तर १ नंतर थेट १० वाजतो आणि शेवटची भैरवी चौथ्याच नंबरला येते. देवनागरी नावांच्या जागी अशा प्लेअरवर चौकोन दिसतात. काही प्लेअर नाव बघतच नाहीत, ज्या क्रमानं फाईल कॉपी झाली त्याच क्रमानं वाजवतात. म्हणून बारा एकदम न ओढता एकेक क्रमानं कॉपी करा. घाऊक आणलेल्यांत नकली निघतात. प्रत्येकावरचा शेवटचा अभंग शेवटपर्यंत वाजवून मगच पाकिटात घाला. अभंगांची यादी मोठ्या अक्षरात, पाकिटावर.

अमेरिकेसाठी बँडकॅम्प हे गाणी विकायचं संकेतस्थळ सोयीचं. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, वर पैसे वळवण्याचा आकार. पैसे पेपाल या ऑनलाइन सेवेनं येतात आणि पेपालनं भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केलेत, म्हणून इथल्या गिऱ्हाइकांना तिकडे पाठवू नका.

हिशेबनीस
त्यात एक भर. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलीनं (ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड असलं तरी) न्यासाला देणगी पाठवली तर ती परकीय देणगी ठरते आणि न्यासाकडे एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी नसेल तर घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेली मुलगी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू शकते. रेकॉर्डिंगची नेहमीची किंमत ही देणगी नव्हे, पण '२०० चा अल्बम आणि १०० डॉलर निधीला' अशी एकत्र रक्कम आली की घोळ झालाच. बँडकॅम्पवर 'हवी तितकी जास्त रक्कम द्या' हा पर्याय असतो, तो बंद ठेवा.