मोटरच्या ४३३ मेगाहर्ट्झ रिमोटची तपासणी: हॅकआरएफ घेऊ की प्लूटो?

नमस्कार मंडळी,

तासगावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वर्षभरापासून विहिरीवरच्या मोटरला रिमोटवाला स्टार्टर जोडून देतोय. रात्रीची लाईट आली की अंधारात रानात जावं लागत नाही, म्हणून लोक मागतात. अकरा बसवलेत. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाईकाची मोटर कुणी बटण न दाबता सुरू झाली. ऑटो स्विच नव्हता. पाणी तळाला गेलेलं, मोटर कोरडी चालली आणि वाइंडिंग जळालं. मी ते फुकट भरून दिलं, पण कारण कळेपर्यंत बारावा बसवायला हात धजत नाही.

आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला जोडायचा रेडिओ रिसीव्हर) आणून युनिव्हर्सल रेडिओ हॅकर या सॉफ्टवेअरवर रिमोटचा सिग्नल टिपला. ४३३.९२ च्या आसपास पल्स स्पष्ट दिसतात. आखूड पल्स आणि मागे लांब मोकळी जागा म्हणजे ०, त्याच्या उलट म्हणजे १. रिमोट उघडला तर आत ईव्ही१५२७ चिप. २४ बिट, त्यातले २० रिमोटच्या नंबरचे, ४ बटणांचे. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तोच कोड! नंबर १० लाखांवर होतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या रिमोटशी जुळण्याची शक्यता कमीच. पण एकदा कुणी टिपला की मोटर त्याच्या हातात गेली.

आता टिपलेला कोड टेबलावरच्या माझ्याच स्टार्टरला परत पाठवून बघायचाय. डोंगल फक्त ऐकतो. हॅकआरएफ वन आणि प्लूटो हे कॉम्प्युटरवरून चालणारे रेडिओ सिग्नल पाठवूही शकतात. हॅकआरएफ १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ चालतो, पण सिग्नल मोजण्याची बारकाई ८ बिटचीच, आणि एका वेळी ऐकणं किंवा पाठवणं यातलं एकच करतो. प्लूटो ३२५ मेगाहर्ट्झपासून ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत, १२ बिटचा, दोन्ही एकदम करतो. माझं काम ४३३ चंच. मग प्लूटो पुरेल ना? की एवढ्यासाठी सीसी११०१ या रेडिओ चिपचं साधं मॉड्यूलच बरं?

हवेत काही सोडायचं नाही, दुसऱ्या कुणाची मोटर चालू व्हायला नको. अँटेना काढून केबल, मध्ये ३० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमजोर करणारा भाग) आणि रिसीव्हर पत्र्याच्या बंद डब्यात, असं ठरवलंय. एवढ्यानं भागेल का? की अ‍ॅटेन्युएटर वाढवू?

आणि एचसीएस३०१ चिपचे रोलिंग कोडवाले (दर वेळी दाबलं की कोड बदलणारे) रिमोट कुणी शेतात वापरलेत का? पोरांनी खेळता खेळता लांबून, रिसीव्हरपर्यंत सिग्नल न पोचता, बटण बरेच वेळा दाबलं तर रिसीव्हर पुन्हा जुळतो, की विहिरीवर जाऊन परत शिकवावा लागतो? बसवलेले अकराही मला बदलून द्यायचेत, म्हणून विचारतोय.

सांगली-मिरजेत कुणाकडे हॅकआरएफ असेल तर कळवा, रविवारी स्टार्टर घेऊन येतो.