क्रूसेडमुळे युरोप शहाणा झाला हे मला पटत नाही

वाटसरू: क्रूसेड, म्हणजे मध्ययुगात मुख्यतः जेरुसलेमसाठी लढलेली ख्रिश्चनांची धर्मयुद्धं, झाली म्हणून अरबांचं ज्ञान युरोपात पोचलं असं सर्रास ऐकू येतं, पण कुठल्या वाटेने पोचलं ते कोणी बघतच नाही. क्रेमोनाचा भाषांतरकार जेरार्ड टॉलेमीचं अल्माजेस्ट, म्हणजे खगोलशास्त्रावरचा ग्रंथ, शोधत गेला तो स्पेनमधल्या टोलेडोला, जेरुसलेमला नाही, आणि तिथेच राहून त्याने ७० च्या वर ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणले, त्यातला इब्न सीनाचा वैद्यकावरचा ग्रंथ युरोपातल्या युनिव्हर्सिट्यांमध्ये कित्येक शतकं शिकवला गेला. शेजारी राहून मिळालेलं हे सगळं तलवारीच्या खात्यावर का जमा करायचं?

खलाशी: अहो पण टोलेडो तरी ख्रिश्चनांकडे कसं आलं? १०८५ मध्ये सहाव्या अल्फान्सो राजाने मुस्लिम राजवटीकडून, वेढा घालूनच ना! आणि फक्त ग्रंथ कशाला बघताय. व्हेनिसने क्रूसेडर्सना आरमार दिलं आणि बदल्यात लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायर शहराचा तिसरा हिस्सा लिहून घेतला, व्यापार तिथून वाढला. जेरुसलेम घेणाऱ्या सुलतान सलादिनविरुद्धच्या क्रूसेडसाठी बसवलेला ११८८ चा सलादिन कर बघा, उत्पन्न आणि जंगम मालमत्तेचा दहावा भाग, मग तीच पद्धत इंग्लंडच्या राजांनी पुढे आपल्या युद्धांसाठी वापरली. सरकारी तिजोरी अशीच उभी राहिली.

वाटसरू: टोलेडो अटी ठरवून शरण आलं, लुटलं गेलं नाही, फरक तिथेच आहे. १२०४ ला क्रूसेडर्सनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, तेही ख्रिश्चनच शहर, आणि प्राचीन कांस्यपुतळे वितळवून नाणी पाडली. यात कोण काय शिकलं?

उंबरठा: तुम्ही दोघं ज्ञान आणि पैसा यावरच बोलताय. १०९६ मध्ये जेरुसलेम अजून लांब होतं तेव्हाच जर्मनीतल्या वॉर्म्स आणि माइन्त्समधल्या ज्यूंना क्रूसेडर्सच्या टोळ्यांनी मारलं, शेकडो माणसं, बायका-मुलांसकट. त्यांच्या आठवणीतली प्रार्थना सिनेगॉगमध्ये आजही म्हणतात. संस्कृतीवरचा परिणाम म्हणाल तर माझ्यासाठी हा पहिला.

खलाशी: ते भयंकरच होतं, कोण नाकारतंय. पण लढाईतून संस्था निघाल्याच. टुलूजची युनिव्हर्सिटी १२२९ ची, दक्षिण फ्रान्समधल्या कॅथर लोकांवरचं, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिश्चन पंथावरचं, क्रूसेड ज्या तहाने संपलं त्याच्या अटीतच होती ती.

उंबरठा: आणि ती काढली कशाला तेही सांगा ना, उरलेलं पाखंड मोडायला! काही वर्षांतच त्याच प्रदेशात पोपचं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, बसलं, शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची. ती रीत नंतर स्पेन-पोर्तुगालने उचलली आणि १५६० मध्ये गोव्यात आणली. संस्था म्हणून मोजायच्या तर ही पण मोजा.