अनुभव धागा: बोटीनं बर्फाच्या मुलखात, पहिल्यांदाच

लातूर, निवृत्त शिक्षिका (धागा मी सुरू करते)

एकतीस वर्षं मी मुलांना हिमनदी शिकवली. फळ्यावर खडूनं यू आकाराची दरी काढायची, तिच्या अंगाला लोंबती दरी, खाली हिमोढ, म्हणजे बर्फानं आणून टाकलेली दगडमाती. दरवर्षी एखादं लेकरू विचारायचंच, "बाई, तुम्ही बघितली का?" मी म्हणायचे, "नाही रे, मी पण पुस्तकातच बघितली."

गेल्या जूनमध्ये लेक-जावयानं अलास्काच्या बोटीवर नेलं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघालो. सात दिवसांत तीन गावं लागली आणि एक पूर्ण दिवस ग्लेशियर बेमध्ये गेला. हा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. मोठ्या प्रवासी बोटी दिवसाला दोनच सोडतात. सकाळी उद्यानाचे वनरक्षक छोट्या होडीतून येऊन आमच्या बोटीवर चढले आणि दिवसभर भोंग्यावरून माहिती सांगत राहिले. १७९४ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतले लोक इथं आले तेव्हा खाडी अशी नव्हतीच, जवळजवळ सगळी बर्फानं भरलेली होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आले तोवर बर्फ चाळीस मैलांहून जास्त मागं सरकला होता. म्हणजे मी ज्या पाण्यावरून चालले होते तिथं माझ्या पणजोबांच्या पणजोबांच्या काळी बर्फाचा डोंगर होता. हे मी वहीत लिहून घेतलं. सवय जात नाही.

मग मार्जरी हिमनदी आली. मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच भिंत. बर्फ पांढरा असतो असं मी शिकवायचे. तो निळा होता. वरच्या वजनानं बर्फ दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते, आणि असा घट्ट बर्फ उजेडातला लाल रंग पिऊन निळा तेवढा परत देतो. बोट थांबवली होती. डेकवर शेकडो माणसं, पण बोलत कुणी नव्हतं. भिंतीचा एक कडा सुटला. आधी पडताना दिसला, आवाज मागून आला, वळवाच्या ढगासारखा. तिथले मूळ रहिवासी लिंगिट लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात, असं वनरक्षकबाईंनी सांगितलं.

मला रडू आलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. आम्ही भांडी घासलेलं पाणी झाडांना आणि झाडांखालून गळलेलं परत बादलीत धरायचो. आणि इथं वाड्याएवढं गोडं पाणी खाऱ्या समुद्रात पडत होतं. जावई म्हणाले, "आई, ते असंच असतं." असंच असतं हे मला माहीत आहे, पण जीव कळवळला.

आपल्या मराठवाड्यातून कुणी अशा थंड मुलखात बोटीनं गेलं असेल तर लिहा. अलास्का, नॉर्वे, कुठलंही. कुठं अडलात, काय खाल्लं, काय मनात राहिलं, सगळं लिहा. पुढच्या माणसाला उपयोग होईल.

परभणी, बँकेतून निवृत्त

बाई, नमस्कार. मी आधी अडलेलंच लिहितो, कारण आमचे त्यापायी दीड लाख गेले.

आमची अलास्काची बोट अमेरिकेतल्या सिॲटलहून निघून सिॲटललाच परत येणारी होती. ज्यांच्याकडून आरक्षण केलं त्यांनी सांगितलं, अमेरिकेचा व्हिसा आहे ना, मग झालं. निघायच्या सोळा दिवस आधी मुलानं कागद वाचले तर शेवटच्या संध्याकाळी बोट व्हिक्टोरियाला थांबणार, आणि व्हिक्टोरिया कॅनडात. त्यामागं १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशात नोंदलेल्या बोटीला अमेरिकेच्या बंदरांत फिरवून प्रवासी परत अमेरिकेतच उतरवायचे असतील तर मधे परक्या देशाच्या बंदराला लागावं लागतं. या मोठ्या बोटी जवळजवळ सगळ्या परदेशात नोंदलेल्या. म्हणून कॅनडा टळत नाही. "आम्ही बोटीवरून उतरणारच नाही" म्हटलं तरी बोट कंपनी व्हिसा मागते. सोळा दिवसांत व्हिसा झाला नाही, आरक्षण बुडालं. पुढच्या वर्षी दोन्ही व्हिसे हातात आल्यावरच पैसे भरले.

तिकिटाच्या आकड्यावर जाऊ नका. सेवेचे म्हणून माणशी रोजचे पंधरा-वीस डॉलर वेगळे लागतात. किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या, इंटरनेट वेगळं. आरोग्याचा विमा काढल्याशिवाय आपल्या वयाच्या माणसानं पाऊल ठेवू नये.

आणि मनात राहिलेलं म्हणाल तर, जुनोजवळ छोट्या होडीतून देवमासे बघायला गेलो होतो. सात-आठ देवमाशांनी पाण्याखाली गोल फिरत बुडबुड्यांचं कडं केलं, हेरिंग मासळी त्यात कोंडली आणि सगळे एकदम तोंडं उघडून वर आले. आमच्या सौभाग्यवतींनी हात जोडले. हे मासे हिवाळा हवाईला काढतात आणि खायला इतक्या लांब येतात. आमच्या होडीचा चालक शेपटीवरच्या डागांवरून एकेकाला ओळखत होता.

नांदेड, गृहिणी

मी खाण्याचं आणि मळमळीचं तेवढं लिहिते.

आमच्या बोटीवर घरचं शिजवलेलं न्यायला मनाई होती, त्यामुळं दशम्या घरीच राहिल्या. बंद पाकिटातली शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट चाललं. आरक्षण करतानाच शाकाहारी लिहून द्या आणि पहिल्या रात्री वाढणाऱ्या मुख्य माणसाला भेटा. आम्हाला रोज वरण, भात आणि एक भाजी मिळाली. चौथ्या दिवशी भाकरीची आठवण फार झाली, तेवढंच.

बेटांच्या आडून बोट जाते तोवर ती चालते हेसुद्धा कळत नाही. उघड्या अलास्काच्या आखातात मात्र एक रात्र मी भिंत धरून काढली. खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मधोमध घ्या, तिथं हेलकावा कमी. गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची. आलेपाकाच्या वड्यांनी मला बरं वाटलं.

छत्रपती संभाजीनगर, अभियंता

आम्ही नॉर्वेला गेलो, मी आणि अम्मी. अब्बा गेल्यानंतर अम्मी दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती.

ती बोट म्हणजे फिरतं हॉटेल नव्हतं. बर्गनहून किर्केनेसपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी ही फेरी १८९३ पासून चालू आहे, चौतीस बंदरांना लागते, माल आणि गावकरीही वाहते. रात्री दोनला एखाद्या गावाला लागायची, चार खोकी उतरायची, एक म्हातारी पिशवी घेऊन चढायची. अम्मीला हे फार आवडलं. "ये तो अपनी एसटी है," म्हणाली.

आम्ही जूनमध्ये होतो. आर्क्टिक वृत्त ओलांडलं आणि सूर्य मावळायचा थांबला. ट्रॉम्सोला मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळतच नाही. अम्मीचा प्रश्न निघायच्या आधीपासूनचा होता: मग मगरिब, म्हणजे सूर्य मावळल्यावरची नमाज, कधी? रात्रीची इशा कधी? तिनं आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, अशा ठिकाणी कुणी जवळच्या, जिथं दिवसरात्र होते त्या शहराची वेळ धरतात, कुणी मक्केची. अम्मीनं मक्केची धरली. हातावरचं घड्याळ नॉर्वेचं आणि पर्समध्ये अब्बांचं जुनं घड्याळ, ते मक्केच्या वेळेला लावलेलं.

दिशेचंही तसंच. बोट खाडीत वळली की किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, वळायचा. खोलीतल्या टीव्हीवर बोटीचा नकाशा दिसायचा, तो बघून मी दिशा सांगायचो. एकदा रात्री साडेअकराला लोफोतेनच्या बेटांजवळून जाताना अम्मी डेकच्या कोपऱ्यात नमाज पढत होती. लाल लाकडी घरं, किनाऱ्यावर कॉड मासळी वाळवायच्या उंच माच्या आणि सगळ्या डोंगरांवर सोनेरी ऊन. नमाज झाल्यावर ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "तेरे अब्बा को अंधेरे में नींद नहीं आती थी. यहाँ अच्छा लगता उनको."

उपयोगाचं एवढंच: शेंगेन व्हिसाला तीस हजार युरोंचा आरोग्य विमा लागतो. जूनमध्येही डेकवर कानटोपी लागते. आणि खिडकीचा पडदा नीट लागतो का ते पहिल्याच रात्री बघून घ्या, नाहीतर झोप होत नाही.

केज तालुका, बीड जिल्हा

मी प्रवासी म्हणून नाही, नोकरीला होतो. लिहू का असं वाटलं, पण बाईंनी "कुणी गेलं असेल तर" असं म्हटलंय म्हणून लिहितो.

माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन टोळीबरोबर निघायचे, गुढीपाडव्याच्या आसपास परत. मी आजीजवळ. हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि बोटीवर स्वयंपाकघरात लागलो. पहिला करार नऊ महिन्यांचा. आई म्हणाली, "आम्ही सहा महिने जात होतो, तू नऊ चाललास." पण ती रडली नाही, मला डबा कसा भरायचा तेच सांगत बसली.

तुम्ही वर हिमनदी बघता तेव्हा खाली आम्ही दुपारच्या जेवणाची तयारी करत असतो. पहिल्या फेरीत मला ती दिसलीच नाही. दुसऱ्या फेरीला आमच्या गोव्याच्या शेफनं सगळ्यांना पाळीपाळीनं दहा-दहा मिनिटं वर सोडलं. मी ॲप्रनवरच गेलो. थंडीनं डोळ्यांतून पाणी आलं. आईला व्हिडिओ काढून ठेवला आणि जुनोला पोहोचल्यावर पाठवला. जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथं गाडीरस्ता जात नाही, विमानानं नाहीतर बोटीनंच जायचं. बंदराला लागूनच, गाड्या लावायच्या इमारतीच्या वर सार्वजनिक ग्रंथालय आहे. तिथं वायफाय फुकट मिळतं, म्हणून सगळ्या बोटींची नोकर माणसं तिथं असतात. फिलिपिन्सची, इंडोनेशियाची, आपली. प्रत्येक जण खिडकीकडं तोंड करून घरी बोलत असतो.

पहिल्या दिवशी सुरक्षेचा सराव असतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे नेमून दिलेल्या जागी जमायचं. तो टाळू नका. आणि मराठी बोलणारं कुणी वाढायला आलं तर गावाचं नाव नक्की विचारा. एकदा उदगीरच्या एका काकूंनी मला "लेकरा, जेवलास का?" असं विचारलं. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

जालना

आईचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. तिला नेता येईल का? कुणाला माहीत असेल तर सांगा.

पूर्णा, रेल्वेतून निवृत्त

ताई, नक्की न्या. बोटीत लिफ्ट असते, चाकाची खुर्ची आधी कळवून ठेवायची. फक्त बंदर उथळ असेल तिथं बोट लांब उभी राहते आणि छोट्या होडीनं किनाऱ्याला नेतात. तिथं अवघड जातं. आपल्या बोटीला अशी ठिकाणं किती, ते विचारून घ्या.

आणि अलास्कातल्या स्कॅगवेला आईंना व्हाइट पास खिंडीतून जाणाऱ्या रेल्वेत बसवा. गाडी धक्क्यापासूनच निघते. मी तिच्यासाठीच गेलो होतो. १८९६ मध्ये पलीकडं कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं, हजारो माणसं इथल्या खिंडी चढून निघाली. वर्षभराचं खाणं बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस सीमा ओलांडू देत नव्हते. बाकीचं सामान धरून साधारण टनभर ओझं, तेवढं वर न्यायला माणसं तीच वाट कितीकदा चढायची. मग १८९८ ते १९०० या दोन वर्षांत ही लाइन टाकली. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढ. चढाव ३.९ टक्के, म्हणजे सव्वीसास एक, सव्वीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. आपल्या बोर घाटात सदतिसास एक आहे आणि तिथंच मागून इंजिनं लावावी लागतात, यावरून समजा. दोन रुळांतलं अंतर तीन फूट. माझं लहानपण बार्शी लाइटच्या अडीच फुटी गाडीत गेलं, लातूरहून कुर्डुवाडीला. आता तिथं ब्रॉडगेज आहे. बोगद्याच्या आधी गाडी वळली, खिडकीतून आपलंच इंजिन दिसलं आणि मी जागचा उठून उभा राहिलो. शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्यानं विचारलं, रेल्वेत होता का? तोही होता. पुढचा सगळा रस्ता आम्ही ब्रेकबद्दल बोललो.

धाराशिव

मी वडिलांना घेऊन गेले होते. दादा शेतकरी, आठ एकर कोरडवाहू. माझी धाकटी बहीण व्हँकुव्हरला असते, म्हणून जमलं. हिमनदीला दादा "बरं हाय" म्हणाले. ते रमले अलास्कातल्याच केचिकन गावाला.

केचिकनला वर्षाला सुमारे १५० इंच पाऊस होतो, म्हणजे ३,८०० मिलिमीटर. आपल्याकडं सातशेच्या आतबाहेर. धक्क्यावरच उंच पाटी लावून पावसाचा आकडा लिहिलाय, १९४९ साली २०२ इंच झाला होता. मी वाचून दाखवलं तर दादांनी तीनदा विचारलं. आपल्याकडं मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, मग इथं काय धरत असतील, इथल्या शेतकऱ्यांचं कसं होत असेल. मी सांगितलं, दादा, इथं शेती नाही, सगळं जंगल आहे. टोंगास जंगल, दीड कोटी एकरांहून मोठं. ते म्हणाले, "एवढं पाणी, आन पेरायला रान न्हाई?" आणि गप्प झाले.

गावातून एक ओढा वाहतो. ऑगस्ट होता. सालमन मासे समुद्रातून वर चढत होते. ज्या ओढ्यात जन्मले तिथंच परत येतात, अंडी घालतात आणि मरतात. दादा कठड्याला धरून दीड तास उभे होते, पावसात. बहिणीनं रेनकोट दिला होता, पण टोपी त्यांनी मागं केली होती. मी म्हटलं, दादा, भिजायलाव. ते म्हणाले, "भिजू दे गं. किती दिसानं असा बारीक लागून राह्यलाय."

येताना त्यांनी काही घेतलं नाही. गावी आल्यावर मात्र मला पर्जन्यमापक मागवायला लावला. अंगणात, कडुनिंबापासून लांब, मोकळ्यावर रोवलाय. सकाळी आठला नळी बघतात आणि कॅलेंडरवर लिहितात. मंडळाचं यंत्र आमच्यापासून नऊ किलोमीटरवर आहे, तिथला आकडा आणि आमचा कधी जुळत नाही. तोही ते शेजारी लिहितात. काल आमचा १४, मंडळाचा ३.