स्प्रिंटमधील टेस्टिंग दर वेळी पुढे ढकलले जाते. मुदत वाढवावी की पद्धत बदलावी?

घाटमाथा:
आमचा छोटा गट पतसंस्थांसाठी कर्जवसुलीची प्रणाली तयार करत आहे. करार ठरावीक रकमेचा आणि ठरावीक तारखेचा आहे, तरीही काम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत, चालावे असा ग्राहकाचाच आग्रह होता. प्रत्यक्षात बहुतेक स्टोरींचे (वापरकर्त्याच्या एकेका गरजेच्या कामांचे) कोडिंग शेवटच्या दोन दिवसांत एकदम संपते, टेस्टरच्या हाती वेळ उरत नाही आणि टेस्टिंग व बग दोन्ही पुढच्या स्प्रिंटवर जातात. त्यातच डेमो पाहताना ग्राहकाचे प्रतिनिधी नवे बदल सुचवतात. स्प्रिंट चार आठवड्यांचा करावा, असे वरिष्ठांचे मत आहे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते हा सगळा खटाटोप सोडून आधी सर्व गरजा लिहून घ्याव्यात आणि त्यावर सही घेऊनच पुढे जावे. यांपैकी कोणता मार्ग धरावा, आणि बदलांचा खर्च करारात कसा बसवावा?

कसोटीकार:
स्प्रिंट लांबवू नका. आज दोन आठवड्यांत जे साचते ते चार आठवड्यांत दुप्पट साचेल आणि चूक कळायलाही तितकाच जास्त वेळ लागेल. तुमच्या वर्णनावरून असे दिसते की स्टोरी फार मोठ्या आहेत आणि प्रत्येक जण आपापली स्टोरी पहिल्याच दिवशी उघडून बसतो.

‘थकीत कर्जदारांची यादी’ ही एकच स्टोरी घेतली, तर तिच्यात डेटाबेस, व्याजाची आकारणी, स्क्रीन, छपाई असे सगळे येते आणि ती आठ-दहा दिवस कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. ती अशी कापावी की पहिल्या तुकड्यात एक शाखा, एक कर्जप्रकार आणि साधे व्याज एवढेच असेल, पण ते डेटाबेसपासून छापील यादीपर्यंत पूर्ण चालेल. दंडव्याज आणि जामीनदारांच्या नोटिसा नंतर याव्यात. असा तुकडा तिसऱ्या दिवशी टेस्टरकडे जाऊ शकतो. दोघांनी मिळून एक स्टोरी संपवावी आणि मगच दुसरी हाती घ्यावी. टेस्टरने नियोजनाच्या बैठकीतच अपेक्षित उत्तरे लिहून द्यावीत, म्हणजे मुद्दल अमुक, दर अमुक, थकीत दिवस अमुक, तर व्याज किती. त्याच आकड्यांच्या स्वयंचलित चाचण्या रोजच्या बिल्डवर, म्हणजे त्या दिवशी जोडून तयार झालेल्या प्रणालीवर, चालवता येतात.

टेस्टिंग न झालेली स्टोरी ‘नव्वद टक्के झाली’ असा हिशेब धरू नका. ती बॅकलॉगमध्ये (बाकी कामांच्या यादीत) परत जाईल आणि त्या स्प्रिंटमध्ये तिचे गुण, म्हणजे कामाच्या आकाराचे अंदाजी आकडे, शून्य धरले जातील. सुरुवातीला व्हेलॉसिटीचा (दर स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या गुणांचा) आलेख केविलवाणा दिसेल. त्यावरून कोणाचेही मूल्यमापन होणार नाही, हे वरिष्ठांकडून आधीच मान्य करून घ्या, नाहीतर पुढच्या अंदाजांत गुण फुगवले जातील.

जुनेकार्ड:
ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या सूचनेपुरते लिहितो. आधी सर्व गरजा, मग आराखडा, मग कोड या सरळ उतरंडीसाठी सॉफ्टवेअर तज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाकडे बोट दाखवले जाते. परंतु त्याच निबंधात त्यांनी ही पद्धत जोखमीची असल्याचे म्हटले आहे आणि नवी प्रणाली आधी प्रायोगिक स्वरूपात बांधून पाहावी असे सुचवले आहे. नासाच्या स्पेस शटलच्या मुख्य उड्डाण-सॉफ्टवेअरचे काम १९७७ ते १९८० या काळात, ३१ महिन्यांत, १७ आवर्तनांतून (स्प्रिंटसारख्या एकामागून एक फेऱ्यांतून) झाले, कारण काम चालू असतानाच गरजा बदलत होत्या. अशा छोट्या फेऱ्यांतून काम करण्याचा पुरस्कार करणारा अ‍ॅजाइल जाहीरनामा त्यानंतर २००१ साली आला. तेव्हा आवर्तने हे अलीकडचे फॅड आहे, हा आक्षेप टिकत नाही.

सहकारखाते:
वरील प्रतिसादाशी मी अंशतः असहमत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी (थकबाकी वसूल करण्यासाठी निबंधकांकडून मिळणाऱ्या दाखल्यासाठी) अर्ज करताना कोणती माहिती आणि कोणते उतारे लागतात, हे डेमोतील चर्चेवर ठरत नाही. ते प्रचलित नमुन्यांवरून आधीच लिहून घ्यावे आणि त्यावर खुशाल सहीही घ्यावी. याउलट, वसुली अधिकाऱ्याला सकाळी पडद्यावर आधी काय दिसावे, हे वापरून पाहिल्याशिवाय त्यालाही सांगता येणार नाही. आवर्तने तिथे खर्च करावीत.

कराराबाबत सांगायचे तर, रक्कम आणि तारीख बांधलेली असताना कामांची यादीही बांधून टाकली की काटछाट दर्जातच होते. म्हणून असे कलम घालावे की ग्राहकाला नवे काम हवे असल्यास त्याने अद्याप सुरू न झालेले तेवढ्याच आकाराचे काम यादीतून काढावे. ही अदलाबदल विनामूल्य राहील आणि निव्वळ भर मात्र वेगळ्या दराने आकारली जाईल. यासाठी ग्राहकाच्या बाजूने निर्णय घेणारी एकच व्यक्ती लागते. डेमोला चार संचालक चार दिशांनी बोलत असतील, तर कलम कितीही नेटके लिहिले तरी ते कागदावरच राहते.

घाटमाथा:
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. स्टोरी कापण्याची पद्धत येत्या नियोजनापासूनच वापरून पाहू. आणखी एक शंका आहे: जुन्या प्रणालीतील खाती नव्या प्रणालीत आणण्याचे काम आम्ही शेवटच्या स्प्रिंटसाठी राखून ठेवले आहे. हे योग्य आहे का?

कसोटीकार:
नाही. सर्वांत जोखमीचे काम आधीच्या फेऱ्यांत घ्यावे, हाच सॉफ्टवेअर तज्ज्ञ बॅरी बोहम यांच्या स्पायरल मॉडेलचा, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी प्रणाली बांधण्याच्या पद्धतीचा, गाभा आहे. पुढच्याच स्प्रिंटमध्ये एका शाखेची खरी खाती आणून पाहा आणि येणे कर्जाची बेरीज संस्थेच्या तेरीज पत्रकाशी (सर्व खात्यांच्या बाकींच्या गोषवाऱ्याशी) ताडून घ्या. एकाच सभासदाची दोन नावांनी पडलेली खाती, जामीनदाराचे कोरे रकाने, हाताने दुरुस्त केलेले व्याज असे बरेच काही त्यात सापडेल, आणि पुढच्या स्टोरींचे अंदाज त्यावरून बदलावे लागतील. त्या डेमोला संचालकांपेक्षा संस्थेचे हिशेबनीस हजर असणे जास्त गरजेचे आहे.