टेबलावरच्या खेळाची नवी आवृत्ती किती वर्षांनी यावी? माझं मत: दहा, त्याआधी नको

फासे_आणि_फरसाण

गेल्या रविवारी आमचा खेळ झालाच नाही, नुसतं भांडण झालं. सहा जणांचा गट, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी: फासे टाकत, पात्रं रंगवत गोष्ट खेळायची), घर माझं, चहा माझा. आमच्याकडे २०१४ची पाचवी आवृत्ती चालते. गटात नव्याने आलेल्या दोघांनी २०२४ची पुस्तकं आणली. पहिल्याच मारामारीत पॅलाडिनवाल्याने (पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा) एका फेरीत दोनदा स्माइट, म्हणजे दैवी ताकदीचा जादा घाव, मारला. नवा भिडू म्हणाला, चालणार नाही. नव्या पुस्तकात स्माइट हा मंत्र आहे, त्याला बोनस अ‍ॅक्शन लागते, आणि ती छोटी जादा कृती फेरीत एकच मिळते, म्हणजे स्माइटही एकदाच. जुना म्हणाला, मी सात वर्षं असाच मारतोय. मग जखमा भरण्याचा मंत्र: जुन्यात एक आठ-बाजू फासा, नव्यात दोन. मग काउंटरस्पेल, समोरच्याचा मंत्र हाणून पाडणारा. साडेआठ वाजता सगळे उठले. राक्षस जिवंतच राहिला.

म्हणून हा धागा. या खेळाचा इतिहास बघा. १९७४ला पहिली पेटी. १९७७ ते ७९मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'ची तीन पुस्तकं. १९८९ला दुसरी आवृत्ती, २०००ला तिसरी. तिसरीची शाई वाळते न वाळते तोच २००३ला साडेतीन! २००८ला चौथी, २०१४ला पाचवी आणि २०२४ला जिला कंपनीने तेव्हा स्वतः सहावीही म्हटलं नाही नि साडेपाचही म्हटलं नाही अशी एक. अंतर जितकं कमी तितकी बोंबाबोंब जास्त, असं मला दिसतं. नियम अंगवळणी पडायलाच तीन-चार वर्षं जातात. आमच्यासारखे नोकरी करणारे महिन्यातून दोनदा जेमतेम भेटतात, एक कॅम्पेन, म्हणजे सलग मोठी कथा, संपायला दोन-अडीच वर्षं लागतात. दहा वर्षांत चार कॅम्पेन झाली तर पुस्तकाचे पैसे वसूल. त्याआधी नवी आवृत्ती आली की माझ्या लेखी ती खिशात घातलेला हात.

चष्मा_वर_करून

आकडे तुम्हीच दिलेत आणि निष्कर्ष नेमका उलटा काढलात.

साडेतीन तीनच वर्षांत आली, शिव्याही खाल्ल्या, मान्य. पण २००८ला चौथी आली तेव्हा लोक कशाला चिकटून बसले? त्याच साडेतीनला. इतके, की पायझो नावाच्या कंपनीने साडेतीनच्याच पायावर २००९ला 'पाथफाइंडर' उभा केला आणि चौथीवर रुसलेले खेळाडू घाऊक भावात तिकडे गेले. म्हणजे लवकर आलेली आवृत्ती लाडकी ठरली.

आता तुमची लाडकी लांब मुदत. दुसरी आवृत्ती अकरा वर्षं चालली. तेवढ्या काळात मूळ कंपनी टीएसआर कर्जात बुडाली आणि १९९७ला विझर्ड्स ऑफ द कोस्टने तिला विकत घेतलं. लांब आवृत्तीमुळे बुडाली असं म्हणत नाही. एकामागून एक नवी जगं काढून स्वतःचंच गिऱ्हाईक वाटून टाकलं आणि दुकानांतून न खपलेले गठ्ठे परत येऊ लागले, ही कारणं मोठी. पण ती जगं काढायची वेळ का आली ते बघा. नियमांचं पुस्तक टेबलावरचे पाचही जण घेतात. साहसकथेचं पुस्तक एकटा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, घेतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ज्याला नियमपुस्तक हवं त्याने ते घेतलेलं असतं. मग कंपनीने खायचं काय? एक तर पुरवणीवर पुरवणी, नाही तर नवी आवृत्ती. दहा वर्षं थांबा म्हणणारे मधल्या सात वर्षांच्या पगाराचं बोलत नाहीत.

पाचवा_भिडू

कोणी घरी येऊन तुमचं जुनं पुस्तक जाळत नाहीये. २०१४चं खेळा की. विषय संपला.

ढगातलं_पुस्तक

पाचवा_भिडू, हे वाक्य दर आवृत्तीला कोणीतरी म्हणतंच. कागदी पुस्तकापुरतं ते खरं आहे.

एप्रिल २००९मध्ये विझर्ड्सने चोरीचं कारण देऊन आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री एका झटक्यात बंद केली. जुन्या आवृत्त्यांच्या पीडीएफ पुन्हा विकायला आल्या त्या २०१३ला. चार वर्षं नवख्याला जुनं पुस्तक हवं असेल तर रद्दीवाला गाठायचा किंवा मग, जाऊ द्या, सगळ्यांना माहीत आहे काय करायचं ते.

दुसरं उदाहरण ताजं. ऑगस्ट २०२४मध्ये डी अँड डी बियाँड या विझर्ड्सच्याच ऑनलाइन साइटने जाहीर केलं की लोकांच्या चालू कॅरेक्टर शीटवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांनी बदलल्या जातील. इतका गदारोळ झाला की काही दिवसांत माघार घेतली. माघार घेतली हे चांगलंच. पण बदलता येतं हे सगळ्यांना कळलं ना? जाळायला घरी यायची गरजच उरलेली नाही.

रंगवतो_पण_हळू

इंग्लंडातून लिहितोय. इथे माझा खेळ 'वॉरहॅमर चाळीस हजार', छोट्या बाहुल्यांच्या फौजा लढवायचा, त्यामुळे तुमच्या दहा वर्षांच्या गप्पा ऐकून हसू आलं. आमच्याकडे आठवी २०१७, नववी २०२०, दहावी २०२३. तीन-तीन वर्षं, परीक्षेच्या वेळापत्रकासारखी. धाकटं भावंड 'एज ऑफ सिग्मार', त्याचंही तेच: २०१८, २०२१, २०२४. पूर्वी असं नव्हतं. पहिली १९८७, दुसरी १९९३, तिसरी १९९८, चौथी २००४.

आणि तरी मी तीन वर्षांच्या बाजूने आहे. कारण आमचा खर्च नियमांवर नसतोच. शंभर तास ब्रश हातात धरून जी फौज रंगवली ती तशीच राहते. वीस वर्षांपूर्वीचा स्पेस मरीन सैनिक आजही टेबलावर उभा राहतो. नियम हा त्या फौजेला मिळणारा नवा सिनेमा. दर शनिवारी खेळणाऱ्याला तिसऱ्या वर्षी सगळे डाव पाठ होतात. समोरच्याने काय आणलंय ते बघून निकाल सांगता येतो. पत्ते पिसायलाच हवेत.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. प्रत्येक फौजेचं पुस्तक, कोडेक्स, तीन वर्षांत एकेक करून येतं. रांगेत शेवटी उभ्या असलेल्याचं काय? 'वर्ल्ड ईटर्स'चं कोडेक्स फेब्रुवारी २०२३मध्ये आलं आणि जूनमध्ये दहावी आवृत्ती. चार महिने! जाड पुठ्ठ्याचं, रंगीत, कपाटात शोभणारं आणि खेळाला निरुपयोगी. दहावी आली तेव्हा सगळ्या फौजांचे नियम फुकट उतरवून घ्यायला ठेवले होते, हे मात्र कंपनीच्या बाजूने सांगायला हवं. मग छापायचंच कशाला, असं मला तेव्हापासून वाटतं. फौजांच्या गुणांचे तक्ते नाहीतरी वर्षातून अनेकदा ऑनलाइन बदलतात.

फासे_आणि_फरसाण

रंगवतो_पण_हळू, 'पत्ते पिसायलाच हवेत' हे स्पर्धेच्या खेळाला लागू असेल. आमच्याकडे पत्ते डीएम पिसतो. प्रत्येक साहस नवीन, राक्षस नवीन. नियम तेच राहिले म्हणून आजवर कोणी कंटाळलेलं मी पाहिलेलं नाही. आणि २०१५ला जुनं 'वॉरहॅमर फँटसी' कंपनीने त्याचं अख्खं जग उडवून बंद केलं, त्या लोकांनाही सांगाल का नवा सिनेमा म्हणून?

रंगवतो_पण_हळू

ती जखम आहे, मीठ नका चोळू. २०२४च्या जानेवारीत 'ओल्ड वर्ल्ड' नावाने ते परत आलंय, बाहुल्यांच्या चौकोनी तळांसकट.

दुर्री_तिर्री

मी पासष्टीचा माणूस, फासे-राक्षस मला समजत नाहीत. सून इथे वाचते म्हणून डोकावतो. पण नियम किती वर्षांनी बदलावेत हे विचारताय तर सांगतो.

ब्रिजची नियमावली बघा: १९८७, १९९७, २००७, २०१७. दशकाला एक, अगदी तुमच्या धागाकर्त्यांना हवी तशी. कारण नियमावली काढणाऱ्याला पत्ते विकायचे नसतात. बावन्न पाने तीच. नियमावली फुकट वाचायला मिळते. त्यात बदल कसले, तर एखाद्याने पाळी नसताना बोली दिली, आता ती बदलून कोणती दिली तर जोडीदारावर बंधन येणार नाही, असले. २०१७ला 'तुलनीय बोली'ची कल्पना आली, त्यावर आमच्या क्लबात दोन महिने वाद चालू होता. पण घरी चौघे खेळायला बसले तर कोणालाही पत्ता नसतो की नियमावली बदलली. बदल असा असावा की पंचाला कळावा, पाहुण्याला कळू नये.

चष्मा_वर_करून

काका, तुमचा प्रतिसाद फार आवडला, पण उदाहरण इथे बसत नाही. ब्रिजची नियमावली लिहिणाऱ्यांचं पोट तिच्या विक्रीवर नाही. इथे चित्रकार, लेखक, संपादक सगळ्यांचं आहे.

आणि कधीकधी आवृत्ती नियमांसाठी निघतही नाही, वकिलांसाठी निघते. 'पाथफाइंडर'ची दुसरी आवृत्ती २०१९ला आली, म्हणजे बरोबर दहा वर्षांनी, धागाकर्ते खूश. मग २०२३च्या जानेवारीत विझर्ड्सने इतरांना त्यांचे नियम वापरू देणारा, २०००पासून चालत आलेला खुला परवाना बदलायचा घाट घातला, मसुदा फुटला, बोंब झाली, त्यांनी माघार घेऊन पाचवीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कोणालाही वापरायला, सोडून दिले. पण पायझोचा विश्वास उडाला तो उडालाच. त्याच वर्षी त्यांनी 'रीमास्टर' काढलं आणि जुन्या परवान्याचा वास येणारं सगळं धुऊन काढलं. पात्रांच्या सुष्ट-दुष्टपणाचे नऊ कप्पे गेले, मंत्रांच्या आठ शाखा गेल्या. चारच वर्षं झाली होती. आता सांगा, पायझोने दहा वर्षं थांबायला हवं होतं?

अंधारातली_ताई

सगळे वर्षं मोजताय. मी 'कॉल ऑफ क्थुलू' हा भयकथांचा खेळ चालवते. १९८१ला पहिली, २०१४ला सातवी. तेहतीस वर्षांत सात, म्हणजे सरासरी साडेपाच वर्षांनी एक. धागाकर्त्यांच्या हिशोबाने आम्ही लुटले गेलेलो लोक.

प्रत्यक्षात काय होतं सांगते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ऐंशीच्या दशकातलं एक जुनं साहस सातवीच्या नियमांनी चालवलं. तयारी? ताकद, चपळाई वगैरे आकडे पाचाने गुणले, कारण सातवीत ते टक्क्यांत आहेत. बाकी जसंच्या तसं. पंधरा मिनिटं लागली, तीही चहा गाळत गाळत. हेच चौथ्या डी अँड डीच्या साहसाचं पाचवीत करून दाखवा, अख्खा रविवार जाईल आणि शेवटी तुम्ही नवीनच लिहिलेलं असेल. तेव्हा तुमचा जीव खाणारी गोष्ट वर्षं नाहीत हो, मोडतोड आहे. दर दोन वर्षांनी काढा, पण कपाटातलं कामाला येऊ दे. नाहीतर तीस वर्षांनी काढा आणि सगळं रद्दीत घाला, तरी मी भांडेन.

पाचवा_भिडू

ताई +१. माझं मघाचं वाक्य मागे घेतो, ढगवाल्यांमुळे.

फासे_आणि_फरसाण

ताई, पटतंय, पण अर्धंच. आमचं भांडण बघा ना. २०१४ आणि २०२४ची पुस्तकं एकमेकांना चालतात असं कंपनीच सांगते, आणि चालतातही: जुनी साहसं नव्या नियमांनी खेळता येतात. मोडतोड थोडी आहे. पण तीच थोडी मोडतोड जास्त छळते. चौथीवरून पाचवीवर जाताना सगळ्यांना माहीत होतं की खेळ वेगळा आहे, पाटी कोरी. इथे मंत्राचं नाव तेच, चित्र तेच, आणि आतला फासा वेगळा. टेबलावर दोन पुस्तकं उघडी असली की प्रत्येक जण आपल्या फायद्याचं पान वाचतो.

नवा_भिडू_सहावा

दादा, मी तोच, २०२४चं पुस्तक आणणारा. घरी बोललो नाही कारण तुमचा चहा प्यायलो होतो.

२०१४ला मी चौथीत होतो. शाळेच्या चौथीत. तुम्ही म्हणता नियम अंगवळणी पडायला तीन-चार वर्षं लागतात. तुमच्या पडलेत. पण तुमच्या टेबलावर जे चालतं त्यातलं निम्मं पुस्तकात नाहीच, ते तुम्ही सात वर्षांत ठरवत आलेलं आहे. 'असं आपण मागच्या कॅम्पेनला ठरवलं होतं' हे मी पहिल्या दिवशी पाच वेळा ऐकलं. माझ्याकडे मागचं कॅम्पेन नाही. माझ्याकडे फक्त पुस्तक आहे. नव्या पुस्तकाच्या शेवटी नियमांचा कोश आहे, शब्द शोधला की अर्थ सापडतो. जुन्यात 'लपणे' म्हणजे नेमकं काय ते चार ठिकाणी विखुरलेलं आहे. तुम्हाला ते खुपत नाही कारण तुम्ही आता पुस्तक उघडतच नाही.

दहा वर्षं तुम्हाला योग्य असतील. माझ्यासारख्याला नवव्या वर्षी खेळ सुरू करावा लागला असता तर?

आणि दोनदा स्माइट मारून तुमचा पॅलाडिन दुसऱ्या फेरीतच सगळं संपवतो. बाकीच्या पाचांनी काय करायचं?

चष्मा_वर_करून

पोरगं बरोबर बोलतंय.

फासे_आणि_फरसाण

अरे, मग तोंडावर बोलायचंस की! चहा काय परत मागितला असता?

पुस्तक उघडत नाही हे खरं आहे. काल रात्री मुद्दाम २०१४चं उघडलं, लपण्याचे नियम शोधायला. वीस मिनिटं गेली. दहा वर्षांचं माझं म्हणणं मी सोडत नाही, पण 'अंगवळणी पडलंय' म्हणजे माझ्याच अंगवळणी, हे मी धरलं नव्हतं.

रविवारी असं करू: स्माइट नव्या पुस्तकाचा, जखमा भरणंही नव्याचं. काउंटरस्पेल जुना राहील. चालू कॅम्पेनमधल्या आपल्या मांत्रिकाने सगळा डाव त्यावर उभा केलाय, मध्येच पाय ओढणं बरं नाही. टेबलावर पुस्तक एकच, ते तुझं. हे सगळं एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवतो. पॅलाडिनवाल्याला कोणीतरी फोन करा, माझा उचलत नाहीये.

दुर्री_तिर्री

म्हणजे घरच्या घरी तुम्ही एक नवी आवृत्ती काढलीत. आठवड्यात!

नवा_भिडू_सहावा

काका 😄 दादा, पॅलाडिनला मी फोन केला होता. येतोय म्हणाला, पण त्याची अट आहे: राक्षसाला मागच्या वेळी मारलेले दोन्ही स्माइट धरायचे.