गाडीचा टप, फांद्या आणि तारा : खान्देशातले अनुभव

मंडळी, ट्रॅव्हलर मिनीबसची कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी करून घरच्यांना घेऊन फिरणारे आता आपल्या भागातही दिसू लागलेत. पाटणादेवी, तोरणमाळ, पालचं जंगल, कुठेही जा, टपाला वरून काही ना काही लागायची धास्ती असतेच. तुम्ही टप कसा सांभाळता, लागलाच तर दुरुस्ती कशी करता, ते इथे सविस्तर लिहा.

सुरुवात मी करतो. टपावर एसी, सोलर, कॅरियर चढलं की कंपनीच्या पुस्तकातली उंची विसरायची. सगळ्यात उंच टोकावर सरळ पट्टी आडवी धरून तिथून जमिनीपर्यंत टेप लावा. आकडा फुटांत आणि मीटरमध्येही लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, कारण पुलावरच्या पाट्या बहुधा मीटरमध्ये असतात.

रावेर, केळीच्या गाडीवर ड्रायव्हर
भाऊ, मोजायचं ते गाडी रिकामी असताना. केळी भरलेली असली की स्प्रिंगचे पाटे दबतात. दिल्लीकडे माल उतरवून परत येताना तीच गाडी चार बोटं वर आलेली असते. जाताना पुलाखालून निघाली म्हणून येताना निघेलच असं नाही. कॅम्परमध्ये पाण्याची टाकी भरलेली आणि रिकामी यातही फरक पडतो.

जळगाव
रेल्वेखालच्या बोगद्यांबद्दल सांगते. डांबराचा नवा थर पडतो, पाटीवरचा आकडा मात्र जुनाच राहतो. शिवाय बोगद्यात रस्ता खाली उतरून परत चढतो. लांब गाडीची पुढची चाकं चढाला लागलेली असतात, मागची अजून उतारावर, त्यामुळे टपाचा मधला भाग वरच्या पुलाच्या तुळईजवळ जातो. एसी नेमका तिथेच बसवलेला असतो! पाटीच्या आकड्यापेक्षा आपली गाडी निदान अर्धा फूट कमी असेल तरच मी आत घालू देते.

रेल्वे फाटकाआधीची उंची अडवणारी आडवी कमान साधारण ४.६७ मीटरवर असते. कॅम्पर तिच्याखालून आरामात जाते, पण पुढे २५,००० व्होल्टची तार आहे. फाटकाजवळ कॅरियरवरचं सामान नीट करायला कुणालाही टपावर चढू देऊ नका.

चाळीसगाव
आमच्याकडे फांद्यांचा त्रास जास्त. जुन्या रस्त्यांच्या कडेला चिंचा, निंब, वड. रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून समोरून ट्रक आला आणि आपण डावीकडे दबलो की टप झाडाकडे झुकतो. चाक फांदीपासून लांब असतं, टपाचा कोपरा नसतो. अशा वेळी थांबून समोरच्याला जाऊ द्यावं. पाऊस पडून गेला की त्याच फांद्या ओझ्याने आणखी खाली येतात. मुक्कामाच्या जागी शिरताना एकाने खाली उतरायचं, आणि सूचना त्या एकानेच द्यायच्या. आमचे काका मागून ओरडतात, "वर पाय भो, वर पाय!", म्हणजे वर बघ. तो आवाज आला की गाडी जागच्या जागी थांबते.

यावल
शेतात कॅम्प लावणाऱ्यांनी तारांकडे आधी बघा. उन्हाळ्यात तापून तारा लोंबतात. बांबूने तार उचलून गाडी काढायची पद्धत जिवावर बेतणारी आहे. तार टेकलीच तर आत बसून राहा, धातूला हात लावू नका, लोकांना लांब ठेवा, वीज कंपनीच्या १९१२ या नंबरला फोन करा.

धुळे, बॉडीचं काम करतो
गाडी अडकली तर पुढे रेटू नका. चाकांची हवा कमी करा, आली त्याच रेषेत हळू मागे घ्या. रेटल्यावर भोक पडतं ते पडतंच, वर कडेचा जोडही उसवतो, आणि जोडाचं काम भोकापेक्षा महाग जातं.

फायबरचा टप फुटला तर चीर दिसते त्याच्याही पुढे गेलेली असते. नाण्याने ठोकत जा, आवाज बद्द झाला की तिथपर्यंत थर सुटलाय असं समजा. तेवढा भाग घासून काढा, कडा उतरत्या ठेवा, आणि पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर रेझिन (थर चिकटवणारा द्रव) धरत नाही. मग काचेच्या मॅटचे थर, आधी लहान तुकडा, त्यावर मोठा. मे महिन्यात हे काम सकाळीच उरका, दुपारी हार्डनर (घट्ट करणारं रसायन) घातलेलं रेझिन डब्यातच गोठतं. पत्र्याचा टप असेल तर गंज खरवडून, प्रायमर मारून जोडावर पॉलियुरेथेन सीलंट भरा. सिलिकॉन लावून आणलेल्या गाड्या येतात, त्यावर नंतर रंगही धरत नाही आणि दुसरं सीलंटही.

नंदुरबार
यात एक भर. आपल्याकडे दिवाळीनंतर पाऊस जवळजवळ नसतोच. हिवाळ्यात पडलेली चीर जूनपर्यंत कळत नाही, आणि तोवर धूळ आत जाऊन बसते. फांदी नुसती घासली तरी त्याच संध्याकाळी शिडी लावून टप बघावा. मृगाआधी पाइपने साधं पाणी सोडा, खालच्या जोडापासून वर वर जात, आणि आत एकाला टॉर्च घेऊन बसवा. छताचा प्लाय अंगठ्याने दाबल्यावर दबला तर वरून सीलंट लावून उपयोग नाही, तो तुकडा बदलायलाच हवा.