फूटीची मॅच लांब आहे की वेळापत्रकच गंडलंय?

पायरीवरचा_प्रेक्षक

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) बघणारे बरेच आहात म्हणून विचारतो.

गुरुवारी रात्री पोराला घेऊन एमसीजीला (मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला) गेलो होतो. वय वर्षं ८. मॅच साडेसातला सुरू, आणि तिसरा क्वार्टर संपेपर्यंत साडेनऊ होत आले, पोरगं माझ्या मांडीवर आडवं, स्कार्फ तोंडावर ओढलेला, सकाळी शाळा. बायकोचे दोन मेसेज येऊन गेले होते, दुसऱ्यात फक्त प्रश्नचिन्ह होतं. म्हटलं चला. रिचमंड स्टेशनला प्लॅटफॉर्मवर उभे होतो, ट्रेनचा पत्ता नाही, आणि मागून अख्खं स्टेडियम जे काय ओरडलं ना! फोन काढून बघितलं तर शेवटच्या दोन मिनिटांत गोल मारून आपली टीम पुढे. म्हणजे दोन तास बसलो ते वाया आणि जे बघायचं होतं ते कानाने ऐकलं.

तर प्रश्न असा की २०२० मध्ये कोविडमुळे क्वार्टर २० वरून १६ मिनिटांचे केले होते, आणि २०२१ ला परत २० केले. ते १६ च ठेवायला काय हरकत होती? अडीच तास कोण बसतं आता? आणि दुसरं, गुरुवारी रात्री मॅच ठेवायची ही कुणाची अक्कल?

जुना_टायगर

पहिल्यांदा तुमच्या पोराला शाबासकी, तीन क्वार्टर टिकला म्हणजे पुढे आशा आहे.

आता मुद्द्यावर. १६ मिनिटं या विषयावर बोलायचा मला पूर्ण हक्क आहे कारण त्या वर्षीचा कप आमच्या रिचमंडचाच, २४ ऑक्टोबर २०२०, ब्रिस्बेनच्या गॅबावर, रात्रीची ग्रँड फायनल, जीलाँगला ३१ पॉइंटने हरवलं आणि आमच्या डस्टीने (डस्टिन मार्टिनने) चार गोल मारले. घरात बसून बघितली, मेलबर्न सगळं बंद, टीव्हीसमोर एकटाच नाचलो. तरी सांगतो, मला ते १६ मिनिटांचे क्वार्टर आवडले नाहीत. फूटीत मजा कधी येते, तर पोरं दमली की. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी डिफेन्डरचे पाय जड होतात, जागा मोकळ्या होतात, मग पाच गोलची पिछाडी भरून निघते. क्वार्टर छोटा केला की ते दमणंच होत नाही, सगळे शेवटपर्यंत ताजे आणि ३६ जण बॉलभोवती घोळका करून.

आणि २० मिनिटं म्हणजे काय वेदवाक्य नाही हो. १९९४ च्या आधी २५ मिनिटांचा क्वार्टर होता, तेव्हा घड्याळ आत्ताइतकं थांबवायचे नाहीत. मग २० केला आणि टाइम-ऑन (घड्याळ थांबल्यामुळे वाढणारा वेळ) वाढवला. त्यामुळे मिनिटं कमी झाली असं कागदावर दिसतं, घड्याळ थांबतं किती ते बघा. गोल झाला, थांबलं. बॉल बाउंड्रीबाहेर गेला, थांबलं. बॉल-अप, म्हणजे अंपायरने बॉल परत वर उडवून खेळ सुरू करायचा, थांबलं. कुणाला रक्त आलं, कुणाचा गोल रिव्ह्यूला गेला, थांबलं. २० चा क्वार्टर ३० च्या आसपास जातो तो यामुळे.

आकडेमोड

टायगर काकांनी सुरुवात केलीच आहे तर हिशोब पूर्ण करतो.

चार क्वार्टर धरा तीस-तीस मिनिटांचे, म्हणजे १२० मिनिटं. पहिल्या क्वार्टरनंतर ६ मिनिटं ब्रेक, हाफटाइम २०, तिसऱ्यानंतर परत ६. झाली १५२ मिनिटं. यात खेळाचं घड्याळ चालू किती, तर फक्त ८० मिनिटं. म्हणजे जवळपास अर्धा वेळ आपण बॉल कुठून तरी कुठे तरी परत यायची वाट बघतोय. १६ चा क्वार्टर केला तर घड्याळाची १६ मिनिटं वाचतात आणि त्याबरोबर त्यातलं थांबणं, म्हणजे ढोबळ २०-२५ मिनिटं आधी सुटला असता. पायरीवरचे भाऊ, तुम्ही तरीही तिसऱ्या क्वार्टरनंतरच निघाला असता, खरं सांगा.

एक गोष्ट मात्र लोक चुकीची बोलतात, की छोट्या क्वार्टरमुळे फूटी बोअर झाली कारण स्कोअर पडले. २०१९ ला एका टीमचा सरासरी स्कोअर साधारण ८० होता, २०२० ला साधारण ६०. वेळ एक पंचमांश कमी केला तर ८० चे ६४ व्हायलाच पाहिजेत. म्हणजे घसरणीचा मोठा भाग नुसता घड्याळाचा, उरलेला थोडासाच खेळाचा. बॅटिंगला २० ऐवजी १६ ओव्हर दिल्या आणि रन कमी झाले म्हणून बॅट्समनला शिव्या घालण्यातला प्रकार आहे हा.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. त्या २०२० च्या सीझनमध्ये एकच गोष्ट झकास होती आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. १८ टीम, प्रत्येकी १७ मॅच, प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदाच. एवढंच. आता २३ मॅच, म्हणजे १७ विरोधी टीम आणि त्यातल्या सहा जणांशी दोनदा. कुठले सहा? आदल्या वर्षीच्या लॅडरचे (गुणतक्त्याचे) सहा-सहाचे तीन गट पाडून वजन लावतात म्हणे, पण वर मोठ्या गर्दीच्या मॅचेस दोनदा पाहिजेत, डर्बी (एकाच शहरातल्या दोन टीमची मॅच) दोनदा पाहिजे, टीव्हीवाल्यांना अमुक पाहिजे, मग लॅडर हे लॅडर राहत नाही, वशिल्याची यादी होते. आठव्या आणि नवव्या नंबरमध्ये फरक एका मॅचचा असतो आणि एकाने तळातल्या टीमला दोनदा धुतलेलं असतं.

माझं मत, क्वार्टर २० चे ठेवा, मॅचेस १७ करा.

फ्रिओवाली_पर्थहून

आकडेमोड दादा, १७ चा मुद्दा एकदम मान्य आणि एकदम अमान्य. मान्य कारण न्याय. अमान्य कारण पर्थच्याच दुसऱ्या टीमशी, ईगल्सशी, वर्षातून दोनदा डर्बी असते ती एकदाच होणार, आणि ती एक आम्ही हरलो तर पुढचे बारा महिने ऑफिसमध्ये कोण सहन करणार, तुम्ही?

मेलबर्नकरांचा एक प्रॉब्लेम आहे, सगळं जग एमसीजीपासून ट्रेनच्या अंतरावर आहे असं वाटतं तुम्हाला. आमच्या फ्रिओच्या (फ्रिमँटलच्या) पोरांना एका वर्षात दहा-दहा वेळा पूर्वेला उडावं लागतं, चार तासांचं विमान, हिवाळ्यात घड्याळ दोन तास पुढे. तुमच्यातली एखादी टीम सीझनचे किती आठवडे स्वतःच्या बिछान्यात झोपते ते मोजा एकदा. त्यामुळे इकडे कुणाला विचारा की मॅच लांब वाटते का, तर लोक म्हणतील लांब काय नाही, दोन मॅचमधलं अंतर कमी आहे. रविवारी संध्याकाळी मेलबर्नला खेळायचं, मध्यरात्री घरी, आणि पुढचा सामना शनिवारी दुपारी, म्हणजे सहा दिवस म्हणायला, त्यातला एक दिवस विमानात गेला. समोरची टीम शुक्रवारी खेळून आठ दिवस आराम करून आलेली. यावर कुणी थ्रेड काढत नाही.

२०२० ला तर कळसच होता, २० दिवसांत ३३ मॅचेस, रोज फूटी, बघणाऱ्यांची चंगळ. माझी पण झाली, खोटं का बोलू. पण खेळणारे चार-पाच दिवसांत परत मैदानात, म्हणूनच तर क्वार्टर छोटे केले होते. ते दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. कुणी १६ मिनिटं मागितली की मला भीती वाटते की आज क्वार्टर छोटा करतील आणि उद्या म्हणतील पोरं कमी दमतात, चला आठवड्यात दोन मॅच खेळवू.

आणि घड्याळाबद्दल फ्रिओच्या माणसाशी बोलायचंच नाही. २००६, लॉन्सेस्टन. आम्ही एका पॉइंटने पुढे, सायरन वाजला, अंपायरला ऐकूच आला नाही, खेळ चालू राहिला आणि सेंट किल्डाने एक पॉइंट काढून बरोबरी केली. नंतर एएफएलने (फूटीच्या लीगने) निकाल बदलून मॅच आम्हाला दिली, पण तो दिवस काही परत आला नाही. तुम्ही खुशाल १६ करा, २० करा, आधी सायरन मोठा लावा.

नवी_नवी_फॅन

मला फूटी कळायला लागून तीनच वर्षं झालीत त्यामुळे सांभाळून घ्या. पायरीवरचे दादा, पोराला महिलांच्या मॅचला का नेत नाही? मी एएफएलडब्ल्यूपासूनच (महिलांच्या लीगपासूनच) सुरुवात केली. मैदानात १८ ऐवजी १६ जणी, क्वार्टर छोटे, घड्याळ पुरुषांच्या मॅचसारखं सारखं सारखं थांबत नाही, आणि बहुतेक मॅचेस शनिवार-रविवारी. २०१७ ला सुरू झालं तेव्हा १५ मिनिटांचा क्वार्टर होता. छोटी मैदानं असतात, तुमचं पोरगं कुंपणाला चिकटून उभं राहू शकतं. तिथे कुणी म्हणत नाही की छोटी आहे म्हणून खरी फूटी नाही (म्हणतात काही जण, पण ते तसेही सगळ्यावर म्हणतात).

जुना_टायगर

फ्रिओवाली ताई, सायरनची गोष्ट निघणार हे मला तुमचं नाव वाचूनच कळलं होतं 😄 पण प्रवासाचं बरोबर आहे तुमचं, त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

आकडेमोड, १७ मॅचेस तुमच्या कॅल्क्युलेटरमध्ये छान दिसतात, पण पैसे कोण देणार? २०२५ पासून सात वर्षांचा टीव्हीचा करार ४५० कोटी डॉलर्सचा आहे, तो काय दर आठवड्याला नऊ मॅचेस मोजूनच दिलाय ना. सहा राउंड कापले तर तेवढा पैसा कोण परत मागणार नाही? क्लबची मेंबरशिप विकतात ती ११ होम मॅच धरून, त्या आठ-नऊ झाल्या की माझ्यासारखा मेंबर आधी भांडायला जाईल. आणि गुरुवारची रात्र कुणाची अक्कल, तर याच कराराची. गुरुवारी, शुक्रवारी रात्री एकच मॅच चालू असते, सगळा देश तीच बघतो. शनिवारी दुपारी तीन एकदम चालू असल्या की प्रेक्षक वाटला जातो. मी इथे यायच्या आधीची गोष्ट, सासऱ्यांकडून ऐकलेली, सगळ्या मॅचेस शनिवारी दुपारी एकाच वेळी असायच्या आणि बाकीचे स्कोअर रेडिओवर. आता चार दिवस फूटी पुरवून खायची.

२०२८ ला टास्मानिया येतेय, म्हणजे १९ टीम. विषम आकडा, दर आठवड्याला कुणीतरी एक घरी बसणार. तेव्हा फिक्श्चर (वेळापत्रक) बनवणाऱ्याला मी स्वतः चहा पाजीन.

आकडेमोड

१९ टीम म्हणजे १८ विरोधी! एकदाच खेळले तर ९ होम, ९ बाहेर, बरोब्बर वाटणी. मी आजच पत्र लिहितो.

फ्रिओवाली_पर्थहून

लिहा. आणि त्यात लिहा की बाहेरच्या ९ पैकी आमच्या सगळ्या ९ विमानाने असतील आणि मेलबर्नच्या टीमच्या ट्रामने.

पायरीवरचा_प्रेक्षक

वाचलं सगळं, आभार. १६ मिनिटांचा हट्ट सोडला मी, टायगर काकांचं दमण्याचं पटलं, आणि आकडेमोड म्हणतात ते खरंय, २०-२५ मिनिटं वाचली असती तरी मी त्या दिवशी साडेनऊच्या आसपास निघालोच असतो. भांडण घड्याळाशी नव्हतंच, गुरुवारशी होतं.

आता नवीन अडचण ऐका. पोराला सांगितलं की आता रविवार दुपारच्याच मॅचला जायचं, आणि सीझनच्या शेवटच्या भागातली एक मॅच बघून आजोबांना पण बोलवायचं ठरवलं, ते ॲडलेडला असतात. फिक्श्चर उघडलं तर राउंड दिसतोय, समोरची टीम दिसतेय, दिवस आणि वेळ नंतर जाहीर करणार म्हणे. शुक्रवार पण असू शकतो, रविवार पण. विमानाची तिकिटं कुठल्या दिवसाची काढू? पोरगं रोज विचारतंय आजोबा कधी येणार.

नवी_नवी_फॅन

शुक्रवार ते सोमवार काढा, आजोबा राहतील की चार दिवस.